फलक रंगवण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आजीची हवाई बेटांवरील होनोलुलूतील खाणावळ ताब्यात घेताना दारावर 'अस्सल हवाईयन' लिहावे आणि स्पॅम मुसुबी (डबाबंद मांसाचा काप ठेवलेला भाताचा गोळा), मॅकरोनी सॅलड यादीतून काढावे, असा सल्ला तुला मिळाला आणि तू गोंधळलास. तुझ्या चिकाटीविषयी मला शंका नाही, म्हणून धीर देत बसत नाही. माझे म्हणणे एकच आहे: पदार्थ ज्या घरचा, त्या घराचे नाव सांग.

पोई, पानांत गुंडाळून शिजवलेले लाउलाउ आणि इमूच्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिजलेले कालुआ डुक्कर हे मूळ हवाईयन लोकांचे अन्न आहे. ज्या कालोचा, म्हणजे अळूचा, कंद कुटून पोई होते, तो त्यांच्या परंपरेत माणसाचा थोरला भाऊ मानला जातो. तुझ्या आईच्या माहेरी कोकणात त्याच अळूचे फदफदे होते. पण एवढ्या ओळखीवर हक्क सांगू नकोस. दोन मुदी भात, मॅकरोनी सॅलड आणि मांस ही आजीची थाळी मात्र उसाच्या मळ्यांतून आली. १८५२ पासून चिनी, १८७८ पासून पोर्तुगीज, १८८५ पासून सरकारी करारावर जपानी, १९०३ पासून कोरियन आणि १९०६ पासून फिलिपिनो मजूर तेथे आले, म्हणून तुझ्याकडे चिनी मानापुआ, पोर्तुगीज मालासादा, जपानी तेरियाकी आणि फिलिपिनो आडोबो एकाच यादीत आहेत. याची गोड गोष्ट करून विकू नकोस. मालक वेगवेगळ्या देशांच्या मजुरांना वेगळ्या वस्त्यांत ठेवत आणि वेगळी मजुरी देत. १९२० मध्ये ओआहू बेटावर जपानी आणि फिलिपिनो मजूर संपात एकत्र उतरले, ते याच व्यवस्थेविरुद्ध. शिवाय कालोच्या वाफ्यांचे पाणी उसाकडे वळवले गेले. पोई महाग का, असे गिऱ्हाइकाने विचारले, तर हे सांगता आले पाहिजे.

'एवढे कोण वाचतो?' असे तू विचारतोस. अरे, २०१८ मध्ये पोके हा कच्च्या माशाचा हवाईयन पदार्थ विकणाऱ्या शिकागोच्या एका साखळीने 'अलोहा पोके' हे नाव आपले म्हणून इतर दुकानांना वकिलामार्फत पत्रे धाडली. त्यात अलास्कातील एका हवाईयन कुटुंबाचे दुकानही होते आणि त्यांना 'अलोहा' हा स्वतःच्याच भाषेतला शब्द फलकावरून उतरवावा लागला. घराचे नाव सुटले की व्यापार असा माजतो.

माझ्या दुकानात पोई नेहमी तोट्यात जाई. भागीदार त्यावरूनच सोडून गेला, दुसरी शाखा कधी निघाली नाही आणि नातेवाइकांनी याला हट्ट म्हटले. म्हणोत. कालो पिकवणाऱ्याला त्याचा भाव देऊन त्याचे नाव यादीत छापणे हा हट्ट असेल, तर तो मी आजही करीन. खंत आहे ती दुकान विकल्याची; नव्या मालकाने पहिल्याच आठवड्यात ती नावे काढली.

तेव्हा स्पॅमची लाज धरू नकोस. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्याबरोबर आलेला तो डबा जपानी हातांनी भात आणि नोरीत, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात, बसवला, एवढे लिही आणि अभिमानाने विक. मॅकरोनी सॅलडची कृती आजीला कोणाकडून मिळाली, ते आज संध्याकाळीच तिला विचारून लिहून घे. फलक रंगवणाऱ्याला त्यानंतर बोलाव.

तुझा,
काका