सांता रोझाला येऊन रहस्यकथा लिहायच्या असतील तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला सांता रोझाच्या इस्पितळात नोकरी मिळाली आहे, पुढच्या उन्हाळ्यात नाशिक सोडायचं ठरतंय, ग्लेन एलनजवळ झाडीत एक घर भाड्याने मिळतंय. तिथल्या शांततेत रहस्यकथा लिहून होतील का, आणि कॅलिफोर्नियातल्या वणव्यांबद्दल ऐकतेस ते कितपत खरं?

आधी घराचं सांगते. ते घर घेऊ नकोस.

ग्लेन एलन सुंदरच आहे. पण त्या खोऱ्यातून निघायला मोठा रस्ता एकच, हायवे १२, आणि वणवा आला की सगळं खोरं त्याच रस्त्यावर उतरतं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ग्लेन एलन आणि केनवूडमध्ये घरं जळाली. २०२० च्या सप्टेंबरअखेर ‘ग्लास फायर’ नावाचा वणवा आला, तेव्हा जवळच्या ओकमाँट या ज्येष्ठांच्या वस्तीतल्या लोकांना रात्री बसमधून बाहेर काढावं लागलं. तुझ्या सासूबाईही येणार आहेत असं लिहिलंयस, म्हणून हे इतकं ठासून सांगते.

सांता रोझा गावातच राहा, आणि तिथेही डोळे उघडे ठेवून घर बघ. कॉफी पार्क ही इथली सपाटीवरची, सरळ गल्ल्यांची वस्ती, फ्रीवेच्या पश्चिमेला. सरकारी नकाशात ती वणव्याच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात नव्हती. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री डोंगरापलीकडच्या कॅलिस्टोगा गावाजवळ टब्स लेनच्या बाजूला आग लागली आणि वाऱ्याने काही तासांत निखारे सहापदरी फ्रीवे १०१ ओलांडून या वस्तीवर आणून टाकले. त्या एका वणव्यात २२ माणसं गेली, साडेपाच हजारांवर इमारती जळाल्या. घरं पेटवतात ते बहुधा असे उडत आलेले निखारे. म्हणून घर बघताना भिंतींतल्या आणि छपराखालच्या झरोक्यांना बारीक जाळी आहे का, पन्हाळीत पाला साचलाय का, भिंतीला टेकून लाकडी कुंपण किंवा झुडपं आहेत का, एवढं बघायचं. भिंतीपासून पाच फुटांत पेटेल असं काही नसावं. घरमालकाला हे विचारताना संकोच करू नकोस, इथे सगळेच विचारतात. भाडेकरूचा विमा वेगळा घ्यायचा. मालकाच्या विम्यात तुमचं सामान येत नाही.

आता रोजच्या जगण्याचं. आपल्याकडे डोंगरउतारावरचं गवत पेटतं ते फाल्गुन-चैत्रात. इथे उन्हाळ्यात पाऊसच नसतो. मे-जूनपर्यंत टेकड्या पिवळ्या पडतात, आणि खरा धोका ऐन दसरा-दिवाळीच्या सुमारास, पहिला चांगला पाऊस पडायच्या आधी. तेव्हा ईशान्येकडून डोंगर उतरून कोरडा डायब्लो वारा येतो, बहुतेक वेळा रात्री जोर धरतो. हवामान खातं रेड फ्लॅग वॉर्निंग, म्हणजे वणव्याला पोषक हवेचा इशारा, देतं. तारा तुटून ठिणगी पडू नये म्हणून वीज कंपनी कधीकधी आपणहून वीज बंद करते. अशा संध्याकाळी आमच्याकडे गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी असते, टाकी भरलेली, बूट पलंगापाशी, आणि एका पिशवीत पासपोर्ट, व्हिसाचे मूळ कागद, पदवीची प्रमाणपत्रं, औषधं. फोनवर वॉच ड्यूटी हे अ‍ॅप घे. ते २०२१ मध्ये याच सोनोमा काउंटीत सुरू झालं आणि आगीची बातमी कित्येकदा सरकारी संदेशाच्या आधी देतं. वणव्यात लोकांना बाहेर काढण्यासाठी गावाचे झोन पाडलेले असतात; आपल्या झोनचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. झोनला आलेली ‘वॉर्निंग’ म्हणजे तयार राहा, ‘ऑर्डर’ म्हणजे निघा. सासूबाई घरात असतील तर तुम्ही वॉर्निंगलाच निघायचं.

आग वीस-तीस मैलांवर असली तरी धूर घरात येतो, आणि लिहिण्यावर खरा परिणाम धुराचाच होतो. खिडक्या बंद, हवा शुद्ध करणारं यंत्र चालू, तरी डोकं जड. आमच्याकडे हवेतले सूक्ष्म कण मोजणारं छोटं यंत्र आहे. बाहेर धूर असताना आत मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली की त्यावरचा आकडा बघता बघता वर चढतो आणि बराच वेळ उतरत नाही, कारण खिडकी उघडता येत नाही. म्हणून त्या दिवसांत फोडणी बंद. कुकरमधलं वरण-भात, वर तूप, लिंबू, फार तर दहीपोहे. उदबत्तीही नाही. सासूबाईंना हे आधीच समजावून ठेव, वेळेवर सांगितलंस तर वाद होईल. मोठं यंत्र परवडत नसेल तर चौकोनी पंख्याला मर्व्ह १३ दर्जाचे, म्हणजे धुराचे बारीक कण अडवणारे, चार फिल्टर चिकटपट्टीने जोडून खोका बनवतात, तो चांगलं काम करतो.

लिहिण्याचं वेळापत्रक मी या मोसमावरच बसवलं आहे. दिवाळी अंकांना कथा जुलै-ऑगस्टपर्यंत जायला हवी, ते इथे सोयीचंच पडतं. जानेवारी ते मे, टेकड्या हिरव्या असतात तेव्हा, नवं लिखाण. जूनमध्ये पुनर्लेखन, जुलैत कथा रवाना. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मी नवी कथा सुरू करत नाही. रात्री दर तासाला फोन बघणाऱ्या माणसाकडून नवं पात्र उभं राहत नाही. त्या दिवसांत मी काळरेषा तपासते: कोण किती वाजता कुठे होतं, कुणाला काय माहीत होतं. हे काम तुकड्यातुकड्यांत होतं आणि मन थाऱ्यावर ठेवतं.

आणि आता ज्यासाठी एवढं लांब उत्तर लिहितेय ते. आपल्या रहस्यकथेत आगीला बहुतेक एकच काम दिलेलं असतं: पुरावा नष्ट करणं. खुनी रॉकेल ओततो, काडी ओढतो, प्रश्न मिटला. इथे राहून मला कळलं की आग स्वतःच भरपूर पुरावा मागे ठेवते. तपास करणारे जळालेल्या रानात वाकून बघत चालतात. गवताची काडी बुडाशी जळून कुठल्या बाजूला पडली, दगडाची कुठली बाजू काळी, खोडावर कोळसा कुठे उंच चढलाय. खुणेखुणेला छोटी निशाणं रोवतात: आग पुढे धावली तिथे लाल, कडेने पसरली तिथे पिवळं, वाऱ्याविरुद्ध मागे सरकली तिथे निळं. निशाणांवरून उलटं चालत गेलं की शेवटी खोलीएवढी जागा उरते. तिथली राख चाळतात, लोहचुंबक फिरवतात. रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून चांगली शिकवणी कुठे मिळणार?

ग्लेन एलनला राहायला जाऊ नकोस, पण बघायला जरूर जा. तिथे अमेरिकन कादंबरीकार जॅक लंडनने दगड आणि रेडवुडचा प्रचंड वाडा बांधला होता, वुल्फ हाउस. राहायला जायच्या थोडे दिवस आधी, २२ ऑगस्ट १९१३ च्या रात्री, तो जळाला. कुणीतरी दावा साधून पेटवला अशी कुजबुज कित्येक दशकं चालली. १९९५ मध्ये आगतपासातल्या तज्ज्ञांनी अवशेष तपासून वेगळाच निष्कर्ष काढला: लाकूडकामाला जवसाचं तेल लावून टाकून दिलेल्या चिंध्या. जवसाचं तेल हवेत वाळताना उष्णता सोडतं; चिंध्यांचा बोळा असेल तर ती आतच कोंडते आणि बोळा आपोआप पेटतो. जवसाच्या चटणीवर वाढलेल्या आपल्या वाचकांना हा धागा किती आवडेल बघ. संशयित सगळे, गुन्हेगार कुणीच नाही.

याच्या उलट टोकाला जॉन ऑर. लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेलचा फायर कॅप्टन, आगतपासाचा तज्ज्ञ, आणि स्वतःच आगी लावणारा. १९८७ मध्ये आगतपासनिसांच्या संमेलनाच्या आसपासच्या गावांत आगी लागल्या. त्यांतल्या बेकर्सफील्डला आगीच्या जागी सापडलेल्या कागदावरचा ठसा पुढे त्याच्या बोटाशी जुळला. आग लावणाऱ्या अग्निशामकावर त्याने कादंबरी लिहिली होती, तिचं हस्तलिखित खटल्यात पुरावा म्हणून वापरलं गेलं. १९९८ मध्ये तो चार खुनांसाठी दोषी ठरला. असा माणूस कथेत एकदाच वापरावा. बहुतेक वणवे मुद्दाम लावलेले नसतात. वीजतारा, गवत कापायची यंत्रं, गाडीमागे घासत जाणारी साखळी, अशी कारणं असतात. प्रत्येक कथेत आगलाव्या आणलास तर इथल्या जगण्याशी तिचा संबंध उरणार नाही.

बंद खोलीचं रहस्य हवंच असेल तर रिकामा केलेला झोन घे. नाक्यावर पोलीस, आत कुणाला सोडायचं याचे नियम, गुरं सांभाळणाऱ्यांना वेगळा अ‍ॅग पास, प्रत्येक फोनवर संदेशाची वेळ नोंदलेली, डोंगरमाथ्यावर कॅमेरे. कोण आत राहिलं, कोण पास दाखवून गेलं, यावर अख्खी कथा उभी राहते. द्राक्षमळ्यांत धुरातही तोडणीला थांबलेले मजूरही विसरू नकोस. पाहिलेलं पोलिसांना सांगावं का, ही भीती त्यांच्यातल्या अनेकांना असते, आणि ती कथेत प्रामाणिकपणे यायला हवी.

एक पथ्य मात्र कडक पाळ. ज्यांचं घर गेलंय त्यांच्या तोंडून ऐकलेलं त्याच वर्षी कथेत घालायचं नाही. माझ्या ओळखीच्या बाईंनी जळालेल्या घराच्या राखेत पाट्याचा दगड शोधला तो प्रसंग मला फार पुढे, त्यांनी स्वतः ‘लिही’ म्हटल्यावरच वापरावासा वाटला. लेखिका म्हणून आपण या गावाचे शेजारीही आहोत.

गावातली आणखी दोन-तीन घरं बघ, शक्यतो दोन वेगवेगळ्या दिशांना रस्ते निघणारी. रस्त्यांची नावं कळव, झोन आणि बाहेर पडायच्या वाटा बघून सांगते. पोचणं जूनच्या आत जमलं तर उत्तम, म्हणजे मोसम सुरू व्हायच्या आधी घर लागलेलं असेल. मास्क तिकडून आणू नकोस, एन९५ इथे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. त्या जागेत सासूबाईंची तीन महिन्यांची औषधं आण.