स्पर्धेले फोटो पाठवाच्या आधी साइज नीट कर

भाऊ, पोळ्याच्या बैलजोडीचा फोटो लय भारी आला, पण ओरिजिनल तसाच ठेव, कॉपीवर काम कर. स्पर्धेचा नियम पाह्य, लांब बाजू 1920 पिक्सेल मागत असतीन तर तेवढाच आकडा टाक, दुसरी बाजू आपोआप बसते, दोन्ही आकडे मनानं टाकशीन तर बैल चपटे दिसतीन. मग सेव्ह करतानी जेपेग (फोटोच्या फाइलचा नेहमीचा प्रकार) क्वालिटी 80-85 ठेव, तरी फाइलचे केबी जास्त भरले तर थोडी उतरव, पण दरवेळी ओरिजिनलवरूनच, कारण जेपेग उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दरवेळी थोडा खराब होते. कलर एसआरजीबी (स्क्रीनसाठीचा नेहमीचा रंगांचा प्रकार) ठेव. डीपीआयच्या (छापतानी एका इंचात किती ठिपके, तो आकडा) मागं काहून लागतं, स्क्रीनवर काही फरक पडत नाही. अन् लॅपटॉपवर घ्याले व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवू नको बाप्पा, ते दाबून टाकते, केबल लाव नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठव.