स्वतःच्या उपग्रह कॅमेऱ्याचं सेन्सर मॉडेल एम्स स्टीरिओ पाइपलाइनमध्ये कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहान उपग्रहावरचा पुशब्रूम (एकेक ओळ टिपत जाणारा) कॅमेरा आहे, आरपीसी (पिक्सेल आणि जमीन यांना जोडणारी तयार सूत्रं) मिळालेली नाही, पण कक्षेतली स्थानं, क्वाटर्निऑन (कॅमेऱ्याची दिशा सांगणारे चार आकडे) आणि कॅमेऱ्याची मापं हाताशी आहेत. नासाच्या एम्स स्टीरिओ पाइपलाइनमध्ये (पुढे एएसपी; चित्रांच्या जोडीतून जमिनीची उंची काढणारं सॉफ्टवेअर) हे चालवायला सी++ मध्ये वेगळं प्लगइन (जोड-प्रोग्राम) लिहावं लागेल का?

शक्यतो लिहू नका. एएसपीसोबत यूएसजीएसची (अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) सीएसएम मॉडेलं येतात, म्हणजे कोणता पिक्सेल जमिनीवर कुठे पडतो हे काढणारी सेन्सर मॉडेलं, आणि त्यांत फ्रेम (अख्खं चित्र एकदम टिपणारं) आणि लाइनस्कॅन (ओळीओळीनं टिपणारं) दोन्ही आहेत. तुमचा कॅमेरा एका रेषेनं जमीन चाटत जात असेल, तर गणित आधीच लिहिलेलं आहे. तुम्हाला फक्त आकडे पुरवायचे आहेत. हे आकडे एका जेसन फाइलमध्ये जातात, तिला आयएसडी म्हणतात. एखाद्या चालू लाइनस्कॅन कॅमेऱ्याची आयएसडी समोर ठेवा आणि एकेक किंमत बदलत जा. कोऱ्या पानापासून सुरुवात केली की एखादी ओळ हमखास राहते.

सगळ्यात जास्त घोळ वेळेत होतो. जीपीएसची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे, आणि १ जानेवारी २०१७ पासून हा फरक बदललेला नाही. ५०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचा जमिनीवरचा वेग सेकंदाला साधारण ७ किलोमीटर असतो, म्हणजे ही एक चूक चित्राला सव्वाशे किलोमीटर दूर नेऊन टाकते. एवढी मोठी चूक निदान दिसते तरी. १ मिलिसेकंदाची चूक ७ मीटरची असते आणि ती मुकाट्यानं आत शिरते. अर्ध्या मीटरच्या पिक्सेलला एका ओळीची वेळ जेमतेम ७० मायक्रोसेकंद असते, तेव्हा ओळीच्या वेळेचे दशांश कापू नका. वेळेचा शिक्का ओळीच्या सुरुवातीचा आहे की मध्याचा, हेही विचारून घ्या.

दुसरी जागा क्वाटर्निऑनची. तीन गोष्टी तपासा: अदिश घटक पहिला आहे की शेवटचा, फिरवणं कॅमेऱ्याकडून पृथ्वीकडे आहे की उलट, आणि निर्देशांकांची चौकट पृथ्वीबद्ध (पृथ्वीबरोबर फिरणारी) आहे की ताऱ्यांना बांधलेली. स्थानं आणि दिशा दोन्ही एकाच पृथ्वीबद्ध चौकटीत आणलेली बरी. हे रूपांतर स्वतः करत असाल तर यूटी१ (पृथ्वीच्या प्रत्यक्ष फिरण्यावरून मोजलेली वेळ) आणि यूटीसी यांतला फरक विसरू नका. तो ०.९ सेकंदाच्या आत ठेवलेला असतो, पण विषुववृत्तावर ०.९ सेकंदात जमीन ४०० मीटरहून जास्त सरकते.

एक चूक मात्र भल्याभल्यांना चकवते. एखादं क्वाटर्निऑन आणि त्याच्या चारही घटकांची चिन्हं उलटी केलेलं क्वाटर्निऑन, दोन्ही एकच दिशा सांगतात. नोंदींमध्ये मधेच चिन्ह उलटलं, तर दोन नोंदींच्या मधल्या किमती शून्याजवळून जातात आणि चित्राच्या एका पट्ट्यात किरण भलतीकडे वळतात. शेजारच्या दोन नोंदींचा अदिश गुणाकार ऋण आला की पुढच्या नोंदीची चिन्हं बदला. शिवाय चित्राच्या आधीच्या आणि नंतरच्या चार-पाच नोंदी फाइलमध्ये राहू द्या; कडेवर अंतर्वेशनाला (मधल्या किमती काढायला) आधार नसला की पहिल्या आणि शेवटच्या ओळी वाकड्या येतात.

लेन्सच्या विकृतीचे गुणांक ओपनसीव्हीमधून (चित्रांवर काम करणाऱ्या एका लायब्ररीतून) आले असतील तर ते जसेच्या तसे चिकटवू नका. तिथे ते फोकल लेंथनं भागलेल्या अंतरासाठी असतात, यूएसजीएसच्या रेडियल मॉडेलमध्ये फोकल प्लेनवरच्या (सेन्सरच्या पातळीवरच्या) मिलिमीटरसाठी. वर्गाच्या पदाला फोकल लेंथच्या वर्गानं, चौथ्या घाताच्या पदाला चौथ्या घातानं भागलं की सुरुवातीचा अंदाज मिळतो. पण ओपनसीव्ही सरळ बिंदूकडून विकृत बिंदूकडे जाते आणि यूएसजीएसचं रेडियल मॉडेल उलट बाजूनं येतं, म्हणून गुणांक नव्यानं बसवावे लागतात.

फाइल तयार झाली की थेट पॅरलल_स्टीरिओ (एएसपीची उंची काढणारी मुख्य आज्ञा) चालवायची घाई नको. आधी कॅम_टेस्ट. ते दोन कॅमेरा फाइली मागतं; दोन्ही जागी तीच फाइल द्या: पिक्सेलपासून जमिनीवर आणि परत पिक्सेलवर येताना फरक जवळजवळ शून्य हवा. हे जमलं म्हणजे मॉडेल स्वतःशी सुसंगत आहे, एवढंच. ते बरोबर आहे की नाही हे कळायला मॅपप्रोजेक्टनं चित्र एखाद्या डीईएमवर (जमिनीच्या उंचीच्या नकाशावर) पसरवा आणि जुन्या ऑर्थोचित्राशी (नकाशासारखं जागेवर बसवलेल्या चित्राशी) ताडून पाहा. चित्र आरशातल्यासारखं उलटं आलं, तर ओळींची किंवा सॅम्पलची दिशा उलटी लागली आहे. कोपर्निकसचा ३० मीटरचा डीईएम घेत असाल तर त्यातली उंची जिऑइडपासूनची (सरासरी समुद्रपातळीपासूनची) आहे, एएसपीला मात्र लंबवर्तुळाभापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) लागते. आधी डीईएम_जिऑइडनं बदलून घ्या, नाहीतर काही प्रदेशांत १०० मीटरपर्यंतचा फरक पडतो.

सरळ सरकलेलं चित्र बंडल_अ‍ॅडजस्टनं (कॅमेऱ्यांची जागा आणि दिशा सुधारणाऱ्या आज्ञेनं) जागेवर येतं. १ आर्कसेकंदाची दिशेची चूक ५०० किलोमीटरवरून सुमारे अडीच मीटर होते, त्यामुळे थोडी सरक असणारच. सरक शेकडो पिक्सेलची असेल तर जीसीपी_जेननं नियंत्रण बिंदू (जमिनीवरची नेमकी जागा माहीत असलेले बिंदू) काढून द्या. सुधारलेली कॅमेरा फाइल जेसनमध्येच मिळते आणि तीच पुढे स्टीरिओला द्यायची. त्यानंतरही डीईएममध्ये उड्डाणाच्या दिशेला आडव्या लाटा दिसल्या, तर ती उपग्रहाची थरथर असू शकते. बंडल_अ‍ॅडजस्ट अख्खा कॅमेरा एकदम हलवतं, म्हणून लाटा तशाच राहतात. तिथे जिटर_सॉल्व्ह लागतं, कारण ते वेगवेगळ्या क्षणांची दिशा वेगवेगळी बदलू शकतं.

स्टीरिओनंतर मिळणारा ट्रँग्युलेशन एरर कमी आला म्हणून मात्र खूश होऊ नका. दोन किरण एकमेकांना किती हुकले, एवढंच तो सांगतो. एपिपोलर रेषेच्या (एका चित्रातल्या बिंदूचा जोडीदार दुसऱ्या चित्रात ज्या रेषेवर असतो तिच्या) दिशेनं झालेली चूक त्यात दिसतच नाही, ती गुपचूप उंचीत जाते: पायारेषा (दोन कॅमेऱ्यांच्या जागांमधलं अंतर) आणि उपग्रहाची उंची यांचं गुणोत्तर ०.५ असेल तर एका पिक्सेलच्या चुकीला उंचीत दोन पिक्सेलएवढा फरक. डीईएम एका बाजूला कललेला दिसला तर आधी फोकल लेंथ आणि विकृती तपासा.

प्लगइन लिहिणं योग्य केव्हा? फिरत्या आरशानं स्कॅन करणाऱ्या कॅमेऱ्यासारखी, कोणत्याही तयार साच्यात न बसणारी भूमिती असेल तेव्हा. त्याआधी एएसपीचं ऑप्टिकल बार (फिरत्या पॅनोरमिक कॅमेऱ्याचं) मॉडेल पाहून घ्या. केएच-४बी आणि केएच-९ या जुन्या अमेरिकी हेर उपग्रहांच्या पॅनोरमिक चित्रांसाठी ते वापरतात. लिहायचंच ठरलं तर जमिनीवरून पिक्सेल शोधणाऱ्या फंक्शनवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. लाइनस्कॅनमध्ये ते पुनःपुन्हा अंदाज सुधारत उत्तराकडे जातं, आणि मॅपप्रोजेक्ट त्याला लाखो वेळा हाक मारतं.