मुलाचे खेळणे बंद केले, तर अभ्यास वाढेल का?

आपला मुलगा दहा वर्षांचा आहे, रोज संध्याकाळी दीड तास खेळतो आणि त्यातला निम्मा वेळ अभ्यासाकडे वळवावा का, असे आपण विचारले आहे. वळवू नये. हीच चूक मी केलेली आहे, म्हणून हे लिहीत आहे.

माझी मुलगी बारा वर्षांची असताना तिचे गुण घसरले, तेव्हा माझ्या थोरल्या भावाने घरातल्या सगळ्यांसमोर सांगून टाकले की, धावण्याचा सराव थांबल्याशिवाय तिचे अभ्यासात लक्ष लागणार नाही. मला ते पटले नव्हते, तरी वाद नको म्हणून मी तिचे बूट कपाटात ठेवून दिले. पुढचे पाच महिने ती संध्याकाळी पुस्तक उघडून बसे आणि तासाभरात जेमतेम दोन पाने पुढे जाई. रात्री उशिरापर्यंत तिला झोप लागत नसे, सकाळी उठवताना रडारड होई आणि क्षुल्लक कारणावरून ती धाकट्यावर धावून जाई. गुण वाढले नाहीतच, कारण तिचे खरे अडले होते ते अपूर्णांकांत, आणि ते आम्ही कोणीच तपासले नव्हते. सराव पुन्हा सुरू झाल्यावर आधी झोप सुधारली. गणित मात्र वेगळे शिकवावे लागले. भाऊ आजही म्हणतो की, ती वयाने समंजस झाली.

‘खेळून कोणाचे भले झाले?’ हा त्याचा नेहमीचा प्रश्न. मुलाने खेळाडू व्हावे म्हणून त्याला खेळू द्यायचे नसते. हाडांची बरीचशी मजबुती वाढीच्या वयातच साठते आणि धावताना, उड्या मारताना हाडांवर पडणाऱ्या भाराने ती वाढते; ही संधी पुढे तशी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. ही किमान मर्यादा आहे, त्यामुळे आपल्या मुलाचा दीड तास मुळीच जास्त नाही. शिवाय दिवसाउजेडी मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना लघुदृष्टी, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याचा दोष, जडण्याची शक्यता कमी असते.

मुलाला दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे, आणि वर्षभर एकाच खेळाचा कठोर सराव चालू असताना गुडघा किंवा टाच दुखू लागली, तर विश्रांती द्यावी.