आईच्या गुडघ्याची कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) झिजली आहे. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सनी भरलेला भाग) इंजेक्शनमधल्या ग्रोथ फॅक्टरने, म्हणजे वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनांनी, ती परत वाढेल का?

नाही. किमान त्या भरवशावर पैसे घालू नका.

आमच्याकडे हा प्रश्न दादाने परस्पर निकालात काढला होता. "स्वतःचंच रक्त, साइड इफेक्ट शून्य. खत घातलं की वाढणारच!" मी एम.एस्सी. केलेली, म्हणून माझं बोलणं 'पुस्तकी'. आईच्या हातातून रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं, वरचा पिवळसर भाग गुडघ्यात टोचला. गुडघा होता तसाच, सुजलेला आणि गरम. तिच्या हातांकडे मात्र कोणी बघितलंच नाही. सकाळी तास-दीड तास बोटं वळायची नाहीत, भाकरी थापणं तिने कधीच सोडलं होतं, बांगड्या साबण लावूनही चढत नव्हत्या. पुढे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने (सांध्यांच्या आजारांच्या डॉक्टरने) आधी बोटांचे सांधेच दाबून पाहिले, मग रक्त तपासायला लावलं. आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) निघाला.

आता ते खत. आजारी सांध्यात ग्रोथ फॅक्टरचा दुष्काळ नसतोच. टीजीएफ-बीटा हा असाच एक ग्रोथ फॅक्टर उंदरांच्या गुडघ्यात पुन्हापुन्हा टोचून पाहिलंय: सांध्याच्या कडेला नवी कूर्चा धरते आणि पुढे तिचं हाड होतं. एक्स-रे बघून डॉक्टर 'हाड वाढलंय' म्हणतात ना, ते बहुधा असंच वाढलेलं असतं. वाढ झाली, पण नको तिथे. आमवातात तर टीएनएफसारखी सूज आणणारी रसायनं कूर्चा खाणारी एन्झाइम्स तयार करवून घेत असतात. ते थांबवल्याशिवाय वरून काय ओताल ते वाया.

ऑस्ट्रेलियात झिजलेल्या गुडघ्यांच्या २८८ रुग्णांवर चाचणी झाली, २०२१ साली छापून आली. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाइन. वर्षभराने दुखण्यात आणि कूर्चेत म्हणण्यासारखा फरक नाही. स्प्रिफर्मिन म्हणजे एफजीएफ-१८ या ग्रोथ फॅक्टरच्या औषधाने कूर्चेची जाडी खरोखर वाढली, तीही मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, पण दुखणं खोट्या इंजेक्शनपेक्षा काही जास्त कमी झालं नाही.

हां, मी डॉक्टर नाही. पीआरपीने बरं वाटलं म्हणणारेही भेटतात, आणि प्रत्येक दवाखान्याचं पीआरपी सारखं नसतं. तुमच्या आईला नुसती झीज असेल तर वजन आणि मांडीचे व्यायाम बघा. सूज, गरमपणा, सकाळचा आखडलेपणा असेल तर आधी आमवात तपासा.

दादा अजून म्हणतो, "इंजेक्शनचा गुण उशिरा आला." आमवाताचं औषध मेथोट्रेक्झेट त्याच सुमारास सुरू झालं होतं, हे त्याला तुम्हीच सांगून बघा.