भारतात बनलेली मोटार नेपाळमध्ये तिप्पट महाग का पडते, आणि आपल्या कंपन्यांनी ती बाजारपेठ चिनी विजेच्या गाड्यांना का गमावली?

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. पेट्रोलच्या मोटारीवर नेपाळमध्ये ८० टक्के ‘भन्सार’, म्हणजे सीमाशुल्क, लागते. ते धरून झालेल्या रकमेवर इंजिनाच्या क्षमतेनुसार ‘अंतःशुल्क’, म्हणजे उत्पादन शुल्क, बसते आणि शेवटी साऱ्या बेरजेवर १३ टक्के मूल्यवर्धित कर. करावर कर चढत गेल्याने इथून निघालेली गाडी काठमांडूच्या शोरूमपर्यंत तिप्पट होते. (तिथल्या जाहिरातीतला आकडा नेपाळी रुपयांत असतो; भारतीय रुपयांसाठी तो आधी १.६ ने भागावा. आमचे निम्मे नातेवाईक तिथेच दचकतात.)

दुसरा भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण पुण्याजवळच्या एका मोटार कंपनीच्या निर्यात विभागात मी सर्व्हिस इंजिनिअर म्हणून बावीस वर्षे काढली. कंपनीचे नाव घेत नाही.

२०१२ च्या जानेवारीत मला काठमांडूला पाठवले गेले, कारण आमच्या छोट्या गाडीच्या क्लच प्लेट तिथे वर्षभरातच जळत होत्या. विभागप्रमुखांनी निघण्यापूर्वीच निदान सांगून ठेवले होते, ‘ते लोक हाफ क्लचवर गाडी चालवतात’, म्हणजे क्लचचे पेडल अर्धे दाबून ठेवून. डीलरच्या वर्कशॉपमध्ये काळ्या पाटीच्या, देवनागरी आकड्यांच्या चार टॅक्सी क्लच उतरवून उभ्या होत्या. शहरात तेव्हा दिवसाचे दहा तासांहून अधिक भारनियमन असे, त्यामुळे तिथल्या वयस्कर फोरमननी बॅटरीच्या उजेडात मला एकेक प्लेट दाखवली. अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेले होते आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग पडले होते. ते फारसे बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नौबिसेहून नागढुंगापर्यंतच्या चढावर नेले. पुढे मालट्रकांची रांग, गाडीत पाच माणसे, टपावर सामान आणि दर दहा-पंधरा मीटरवर थांबणे. आमचा पहिला गिअर त्या वेगाला उंच पडत होता. हाफ क्लच न करता तिथे गाडी चालवून दाखवणारा चालक मला अजून भेटायचा आहे. अर्ध्या तासाने जळक्या अस्तराचा वास आला, तेव्हा गाडी मीच चालवत होतो.

परत आल्यावर मी अकरा पानांचा अहवाल दिला. डोंगराळ भागासाठी फायनल ड्राइव्हचे, म्हणजे गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या दातेरी जोडीचे, गुणोत्तर बदलावे आणि ते परवडत नसेल तर निदान क्लच संचांचा साठा काठमांडूत ठेवावा, एवढीच मागणी होती. कारण सुटा भाग तिमाही मागणीबरोबर जात असे आणि तोवर टॅक्सीवाल्याचा धंदा बंद राही. उत्तर तोंडी मिळाले, ‘नेपाळी गिऱ्हाईक जाऊन जाऊन जाणार कुठे?’

हेच आपल्या उद्योगाचे दुखणे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२४-२५ मध्ये भारतातून सुमारे ७.७ लाख प्रवासी वाहने निर्यात झाली आणि त्यात नेपाळचा वाटा अगदी किरकोळ. त्यामुळे वेगळी गाडी सोडाच, वेगळा गिअरही त्या देशासाठी कोणाला परवडत नव्हता. स्टिअरिंग उजवीकडे, रस्ता सलग, व्यवहार भारतीय रुपयांत, एवढ्या सोयींमुळे शेजारी आपल्या खिशातच आहे असे आम्ही धरून चाललो. २०१५ मध्ये भारतातून जाणारा माल सीमेवर अडला, त्या सीमाकोंडीत पेट्रोलसाठी दिवसेंदिवस रांगा लावल्यावर तिथल्या माणसाने काय विचार केला असेल, हे आमच्या एकाही बैठकीत निघाले नाही. पुढे भारनियमन संपले, २०२१ मध्ये ४५६ मेगावॅटचा अप्पर तामाकोशी जलविद्युत प्रकल्प सुरू झाला आणि चढावर जळायला क्लचच नसलेली विजेची गाडी बाजारात आली. आता तिथे आयात होणाऱ्या प्रवासी मोटारींत सत्तर टक्क्यांहून अधिक विजेच्या असतात आणि त्यांत बहुसंख्य चिनी.

आता न्यायाने हेही सांगायला हवे की या बदलाचे मोठे कारण करच आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात विजेच्या गाड्यांवरही जबर कर बसला तेव्हा त्यांची आयात मंदावली आणि पुढच्या वर्षी तो उतरताच पुन्हा वाढली. शिवाय टाटांची विजेवरची नेक्सॉनही तिथे खपते, तेव्हा सगळीच बाजारपेठ गेली असे म्हणणे बरोबर नाही. चिनी गाड्यांच्या बॅटऱ्या दहा वर्षांनी कशा निघतात, हेही अजून दिसायचे आहे.

तरीही तुम्ही या विषयावर प्रकल्प करणार असाल, तर कराच्या कोष्टकावर थांबू नका. काठमांडूतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये चार दिवस बसा आणि सुटा भाग किती दिवसांनी येतो ते वहीत मांडा. आमचे विभागप्रमुख निवृत्तीनंतर दर स्नेहमेळाव्यात ‘सगळा खेळ कराचा’ असे ऐकवतात. माझ्या अहवालाची प्रत त्यांच्याकडेही आहे; त्यांनी सातवे पान एकदा उघडून पाहावे.