गंबोचा रू : तेल सोडून चरबी घ्यावी का?

गेल्या सदरात चिकन गंबोची, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या दाटसर रश्श्याची, कृती दिली होती. त्यातला रू, म्हणजे गंबोला रंग आणि दाटपणा देणारा भाजलेला मैदा, मी तेलात केला होता. 'चरबी का नाही?' असं विचारणारी बरीच पत्रं आली. त्यांतली ही निवडक.

प्रश्न : ह्यूस्टनमधले आमचे केजन (लुइझियानातले फ्रेंच वंशाचे) शेजारी म्हणतात, खरा रू लार्डमध्येच, म्हणजे डुकराच्या कढवलेल्या चरबीतच, होतो. कृतींमध्ये मात्र सगळीकडे तेल दिसतं. कोणाचं ऐकायचं?

शेजाऱ्यांच्या आजीच्या काळी तेच खरं होतं. केजन खेड्यांत थंडीत 'बूशरी' व्हायची. शेजारीपाजारी जमून डुक्कर कापायचे, मांस वाटून घ्यायचे आणि चरबी मोठ्या लोखंडी कढईत कढवून पुढची बेगमी करायचे. रूला वेगळं तेल आणणार कोण? त्याही आधी, अठराव्या शतकात, न्यू ऑर्लिन्समध्ये अस्वलाची चरबीसुद्धा स्वयंपाकाला वापरत. बाटलीतलं तेल फार नंतरचं.

आता चवीचं. रू चॉकलेटी रंगापर्यंत नेलात, तर भाजलेल्या मैद्याचा वास एवढा चढतो की स्वच्छ लार्ड आणि तेल यांतला फरक ओळखणं मुश्किल. चरबी कळते ती पीनट बटरच्या रंगाला थांबवलेल्या रूमध्ये. म्हणून माझं मत असं : काळपट रू हवा तर बिनदिक्कत तेल घ्या, फिका हवा तर चरबीचे लाड करा.

लुइझियानाचे शेफ पॉल प्रुडोम यांनी १९७९ साली न्यू ऑर्लिन्समध्ये रेस्तराँ काढलं. तेल धुरावेपर्यंत तापवून काही मिनिटांत काळा रू करण्याची त्यांची पद्धत गाजली. ती लार्डवर करू नका. लार्ड १९० अंश सेल्सिअसच्या आसपासच धुरावतं, शेंगदाण्याचं रिफाइंड तेल मात्र २३०पर्यंत टिकतं. लार्डला मध्यमहून कमी आच आणि पाऊण तास न थांबणारा हात लागतो. चेहरा जरा लांब ठेवा. उडालेला रू कातडीला चिकटून भाजतो, तिथले स्वयंपाकी त्याला 'केजन नेपाम' (नेपाम म्हणजे युद्धात वापरलेलं, अंगाला चिकटून जळणारं द्रव्य) म्हणतात ते उगाच नाही.

प्रश्न : आम्ही डुकराचं काही खात नाही. लोणी किंवा साजूक तूप चालेल का? (पुणे)

लोणी नको. त्यात साधारण १६ टक्के पाणी असतं आणि दुधाचे घन कण. लोणी कढवताना तळाशी बेरी धरते ना, तेच हे कण. मैदा तांबूस व्हायच्या आतच ते करपतात आणि रू कडवट होतो.

तुपात बेरी नसते, त्यामुळे ते २५० अंशांपर्यंत धुरावत नाही. फक्त वासाचा विचार करा. तुपात मैदा खमंग भाजला की घरभर बेसनाच्या लाडवांचा वास सुटतो, आणि त्यात कोळंबी पडायची असते! मी तूप आणि तेल अर्धं-अर्धं घेते.

प्रश्न : बेकन तळून उरलेली चरबी बरणीत साठवली आहे. सगळा रू तिच्यातच केला तर?

खारट होईल. शिवाय तळाशी बेकनचे बारीक कण असतात, ते मैद्याआधी जळतात. चरबी गरम असतानाच मलमलच्या कापडातून गाळा, पाव हिस्सा ती आणि बाकी तेल घ्या. अँडुई सॉसेजही खारट आणि धुरावलेलं असतं, म्हणून मीठ अगदी शेवटी, चव घेऊन.

प्रश्न : बदकाची चरबी इथे मिळत नाही. कोंबडीची चालेल?

चालेल काय, चिकन गंबोला माझी पहिली पसंती तीच. कोंबडीची साल आणि पोटाजवळचे पिवळे गोळे बारीक कापून जाड बुडाच्या भांड्यात घाला, चार चमचे पाणी घाला आणि मंद आचेवर ठेवा. आधी पांढरट गढूळ पाणी दिसेल, बुडबुडे मोठे येतील. पाणी आटलं की बुडबुडे बारीक होतात, आवाज बसतो आणि चरबी नितळ सोनेरी दिसते. साल कुरकुरीत झाली की लगेच गाळा. एका कोंबडीची चरबी पुरत नाही, उरलेलं माप तेलाने भरा. कुरकुरीत साल भांड्यापर्यंत पोचत नाही, हा आमच्या घरचा अनुभव.

प्रश्न : मटणाची चरबी?

नको. गंबो जरा कोमट झाला की ती टाळूला चिकटते.

प्रश्न : अँडुईऐवजी गोव्याचं चोरीस वापरते. त्याच्या लाल चरबीत रू करू का? (मडगाव)

त्या चरबीत मिरची उतरलेली असते. रूच्या आचेला मिरची काळी पडते आणि ठसका लागतो. रू साध्या चरबीत करा, त्यात कांदा, सेलरी, ढोबळी मिरची परतून भाजणं थांबवा, मग रस्सा घाला. चोरीस त्यानंतर. त्यात व्हिनेगर असतं, तेव्हा कमीच घाला.

प्रश्न : चरबीत केलेल्या गंबोवर जाड तवंग येतो.

माप तपासा. एक वाटी मैदा आणि एक वाटी चरबी म्हटलं की वजनात चरबी दीडपटीहून जास्त भरते. दोन्ही तोलून सारखी घ्या, मिश्रण सैलसर ओल्या वाळूसारखं दिसलं तरी घाबरू नका. शिवाय रू जितका गडद, तितकी त्याची दाट करण्याची ताकद कमी, कारण भाजताना स्टार्च मोडतो आणि चरबी वर सुटते. आच एका बाजूला ठेवून उकळा, तवंग दुसऱ्या काठाला जमतो, तो डावाने काढा. फिले, म्हणजे ससाफ्रासच्या पानांची पूड घालणार असाल तर तवंग आधी काढा आणि पूड आच बंद केल्यावरच घाला. उकळली तर तार धरते.